पुरावा गावात, पोरं कल्याणात

कल्याण-अंबरनाथच्या वस्त्यांत वाढलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांकडे जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवले, त्याच्याकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागणे हा कुठला न्याय? राबवून घ्यायचे होते तेव्हा महार वतनाच्या नोंदी सरकारदरबारी होत्याच! आता मात्र जातप्रमाणपत्र कायदा २००० च्या कलम ८ नुसार सिद्ध करण्याचा भार आपल्यावर.

म्हणून मित्रांनो, शहरात नोंद सापडली नाही तरी थांबू नका. मूळ गावच्या शाळेतले जनरल रजिस्टर, तहसीलमधले कोतवाल बुक म्हणजेच गाव नमुना १४, वतनजमिनीचे फेरफार शोधा. तोंडी नकार घेऊ नका. माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत लेखी उत्तर देणे बंधनकारक आहे. प्रत्येक वस्तीत हे काम जाणणारे दोन कार्यकर्ते तयार झालेच पाहिजेत.

जय भीम!