चाळ, गिरणी आणि हवेचे माप

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले, तेव्हा रोगाचे मूळ कोंदट व दूषित हवेत असते ही समजूत शहराच्या प्रशासनात खोल रुजलेली होती. प्लेगचा जंतू 1894 मध्येच हाँगकाँगला सापडला होता आणि तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे 1898 मध्ये संशोधक सिमाँ यांनी दाखवून दिले. तरीही त्याच 1898 मध्ये कायद्याने अस्तित्वात आलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे नगरसुधारणेसाठी नेमलेल्या स्वतंत्र मंडळाने, हवेवरच भर दिला आणि समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून जुनी घरे पाडून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. प्लेगच्या बाबतीत हा तर्क चुकला होता, पण क्षयासारख्या रोगाचा प्रसार रोखण्यास उजेड आणि खेळती हवा उपयोगी होती, त्यामुळे चुकीच्या कारणासाठी सुरू झालेले हे काम मुळात आवश्यकच होते. दुर्दैव असे, की पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या फार थोड्या बांधल्या गेल्या आणि उठवलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहू लागली.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 च्या सुमारास मांडलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हा या काळाचा सर्वांत मोलाचा वारसा होय. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या तळापासून क्षितिजाशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून वर काढलेली रेषा समोरच्या इमारतीला अडता कामा नये, असा तो नियम होता. याचा व्यवहारातील अर्थ असा, की समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये राहिली पाहिजे.

गिरणीत हवेचा प्रश्न निराळा होता. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून साचेखात्यात, म्हणजे जेथे माग चालत त्या विभागात, वाफ सोडून हवा दमट ठेवली जाई आणि हा दमटपणा टिकावा यासाठी खिडक्या बंद राहत. कापूस मोकळा करणाऱ्या ब्लो रूममध्ये आणि तो पिंजणाऱ्या कार्डिंग खात्यात बारीक धूळ सतत तरंगत असे. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार जडतो, ज्यात सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. धुराड्यांच्या धुरासाठी 1912 मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि 1915 मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागल्यावर कोळशाची गरज घटत गेली, परंतु आतल्या धुळीला त्याने काहीच फरक पडला नाही.

पाळी संपवून कामगार जेथे परतत असे, त्या बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी 1920 नंतर सरकारने बांधल्या. प्रत्येक मजल्यावर मधोमध बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे 160 चौरस फुटांची, अशा रचनेत वारा आरपार जाणे कठीण होते. त्यातच शेगडी व रॉकेलचा स्टोव्ह पेटत असल्याने स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या वाट्याला दिवसातून दोन वेळा धूर येई. मुंबईत 1955 पासून गॅसचे सिलिंडर मिळू लागले, तरी ते गिरणगावातील घराघरांत पोहोचण्यास बराच काळ जावा लागला.

1948 च्या कारखाने अधिनियमाने वायुवीजन, म्हणजे हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था, धूळ आणि कृत्रिम दमटपणा यांवर स्वतंत्र कलमे घातली आणि नव्या कारखान्यात दर कामगारामागे किमान 500 घनफूट जागा असावी असे ठरवले. कामगाराच्या घराला मात्र या कायद्याचा स्पर्श नव्हता, आणि एकाच माणसाची फुप्फुसे दोन्हीकडे झिजतात याचा हिशेब कोणत्याही खात्याने मांडला नाही.

गोवंडीतील पुनर्वसन वसाहतींत आज सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून अवघ्या तीनेक मीटरांवर उभ्या आहेत आणि तेथील खालच्या मजल्यांवरील अंधार व कोंदटपणा यांचा क्षयरोगाशी संबंध पाहणीत आढळला आहे. ऑर यांच्या नियमाप्रमाणे 20 मीटर उंचीच्या इमारतीसमोर किमान 10 मीटर जागा मोकळी असायला हवी होती.