डिकी कोणी कापली? हॅचबॅक, कॉम्पॅक्ट सेडान आणि चार मीटरांची रेषा

१/१४
नवी गाडी घेऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गीय घरात एक प्रश्न हमखास निघतो : हॅचबॅक घ्यावी की कॉम्पॅक्ट सेडान? हा प्रश्न आवडीनिवडीचा भासतो. मात्र यातला दुसरा पर्याय ग्राहकांच्या मागणीइतकाच केंद्रीय अर्थसंकल्पातील एका तरतुदीतून जन्मला आहे. त्या तरतुदीचा हा इतिहास.

२/१४
प्रथम दोन संज्ञा. सेडान म्हणजे तीन कप्प्यांची गाडी : पुढे इंजिन, मध्ये माणसे, मागे स्वतंत्र डिकी. हॅचबॅकला तिसरा कप्पा नसतो. सामानाची जागा मागच्या सीटच्या पाठीशीच असते आणि काचेसकट संपूर्ण दार वर उघडते. सीट दुमडली की तीच जागा कितीतरी वाढते.

३/१४
स्वातंत्र्यानंतरची तीन दशके भारतीयांच्या मनातील मोटार प्रामुख्याने तीन कप्प्यांची होती. एक अँबेसेडर, दुसरी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर, इंजिन १०८९ सीसीचे. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

४/१४
डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि दोन कप्प्यांची छोटी गाडी घरोघरी पोहोचू लागली. १९९८ च्या अखेरीस पुण्याच्या टाटा इंडिकाने तोच मार्ग रुंद केला. हळूहळू एक उतरंड रूढ झाली : हॅचबॅक ही परवडणारी, सेडान ही प्रतिष्ठेची. २००२ मध्ये टाटांनी इंडिकालाच डिकी जोडून इंडिगो बाजारात आणली, ती याच मानसिकतेवर भिस्त ठेवून.

५/१४
२८ फेब्रुवारी २००६. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. भारत हे छोट्या मोटारींच्या निर्मितीचे केंद्र व्हावे, हा हेतू होता. छोटी मोटार कोणती, हेही ठरवून दिले गेले : लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत.

६/१४
या व्याख्येत डिकीचा उल्लेख नव्हता, आसनसंख्येचा नव्हता, गाडी किती इंधन पिते याचाही नव्हता. होती ती केवळ लांबी आणि इंजिनाचे आकारमान. हॅचबॅक या रेषेच्या आत सहज बसत होत्या. तत्कालीन सेडान मात्र बाहेर राहिल्या. सुमारे ४.१५ मीटरची इंडिगोही बाहेरच राहिली.

७/१४
मग रेषेबाहेरची गाडी आत आणण्याचा खटाटोप सुरू झाला. जानेवारी २००८ मध्ये टाटांनी इंडिगो सीएस आणली. ‘सीएस’ म्हणजे कॉम्पॅक्ट सेडान. इंडिगोचा मागचा भाग आखडून तिची लांबी ३९८८ मिलिमीटरवर आणली होती. त्याच महिन्यात दिल्लीत नॅनोचे अनावरण झाल्याने साऱ्या देशाचे लक्ष तिकडे होते. बाजारावर अधिक काळ टिकणारा ठसा मात्र या कापलेल्या डिकीने उमटवला.

८/१४
मारुतीची स्विफ्ट डिझायर मार्च २००८ मध्ये आली, तेव्हा ती ४१६० मिलिमीटर लांब होती आणि तिचे पेट्रोल इंजिन १२९८ सीसीचे होते. दोन्ही माप रेषेबाहेर. २०१० मध्ये पेट्रोल इंजिन ११९७ सीसीवर आले. २०१२ मध्ये गाडीच नव्याने घडवली गेली आणि तिची लांबी ३९९५ मिलिमीटर झाली.

९/१४
या बदलाची किंमत डिकीने चुकवली. जुन्या डिझायरच्या डिकीत ४४० लिटर जागा होती. नवीत ३१६ लिटर उरली. ग्राहकाला शुल्कातील सवलतीचा लाभ मिळाला, पण ज्या कप्प्यासाठी सेडान घ्यायची तो कप्पाच चतुर्थांशाहून अधिक घटला. तरीही गाडी खपली. २०१८ मध्ये तर डिझायर ही देशात सर्वाधिक विकली गेलेली मोटार ठरली.

१०/१४
पाठोपाठ होंडा अमेझ (२०१३), ह्युंदाई एक्सेंट आणि टाटा झेस्ट (२०१४) आल्या. सर्वांत बोलके उदाहरण चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन अमिओचे (२०१६). केवळ भारतासाठी घडवलेली ही गाडी पोलो या हॅचबॅकवर बेतली होती. पोलोच मुळात ३९७१ मिलिमीटरची! डिकीसाठी उरले २९ मिलिमीटर. अखेर पुढचा बंपर आखूड करून मागे जागा काढावी लागली. अमिओची लांबी भरली ३९९५.

११/१४
कायद्याने यंत्राला आकार देणे हे काही भारताचे वैशिष्ट्य नव्हे. जपानमधील ‘केई’ मोटारी ३.४ मीटर लांबी आणि ६६० सीसी या मर्यादेतच घडतात. फरक असा की, केई मोटार त्या मापासाठी मुळातून रचली जाते. आपल्या सुरुवातीच्या कॉम्पॅक्ट सेडान तयार गाड्या कापून बसवलेल्या होत्या. इथे पद्मिनीचे आकडे आठवावेत. कोणतीही सवलत नसताना कुर्ल्यात तयार होणारी ती तीन कप्प्यांची गाडी २००६ च्या व्याख्येत जशीच्या तशी बसली असती.

१२/१४
या रेषेचा लाभ पुढे उंच गाड्यांनीही घेतला. इकोस्पोर्ट (२०१३), ब्रेझा (२०१६), नेक्सॉन (२०१७) या सर्व चार मीटरांच्या आतल्या. कर बदलले, रेषा टिकली. २०१७ च्या जीएसटीने तीच व्याख्या स्वीकारली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेषेच्या आतील पेट्रोल-डिझेल मोटारींवर १८ टक्के आणि बाहेरच्यांवर ४० टक्के जीएसटी आहे.

१३/१४
हॅचबॅक आणि कॉम्पॅक्ट सेडान दोन्ही आत असतील, तर कराचा दर सारखाच. मग उरतो तो डिकीचा हिशेब. २०१७-१८ ची जोडी पाहावी. स्विफ्ट ३८४० मिलिमीटर, डिझायर ३९९५. दोन चाकांमधील अंतर दोहोंत २४५०. म्हणजे वीतभरही नव्हे एवढी जास्तीची लांबी. डिकी मात्र २६८ ऐवजी ३७८ लिटरची. सीएनजीची टाकी मागे बसवायची असेल, तर हे ११० लिटर निर्णायक ठरतात. गावाकडून तांदळाचे पोते आणि चार बॅगा आणायच्या असतील, तरीही.

१४/१४
उलट, शहरातल्या शहरात फिरणाऱ्या आणि क्वचितच भरून जाणाऱ्या गाडीसाठी डिकीचे अधिक पैसे मोजण्यास पद्मिनीच्या काळातील प्रतिष्ठेखेरीज कारण उरत नाही. कधी फ्रीज किंवा कपाट न्यायचे झाल्यास दुमडणारी सीट आणि वर उघडणारे दारच कामी येते. ‘सेडान’ या नावाला भुलण्यापूर्वी डिकी उघडून घरातली सर्वांत मोठी बॅग आत ठेवून पाहावी. त्या कप्प्याचे माप ठरवताना, बॅगेआधी २००६ च्या अर्थसंकल्पाचा विचार झालेला आहे.