विस्मृतांची शुश्रूषा व तिचें शिक्षण

छत्रपति संभाजीनगर शहराच्या गुलमंडी पेठेंत, जुन्या वाड्यांतून, वृद्ध माणसें आजहि पुष्कळ आढळतात. त्यांतील एखादे आजोबा स्वतःच्या घरींच असतां दिवेलागणीस 'मला घरीं जाऊं द्या' म्हणून दाराशीं अडून बसले, तर 'साठी बुद्धि नाठी' एवढें म्हणून आपले वाडवडील मोकळे होत. ही म्हण आमच्या मतें अर्धीहि खरी नाहीं. साठी उलटलेल्या बहुतेकांची बुद्धि शाबूत असते. ज्यांची जाते, त्यांस मेंदूचा रोग झालेला असतो, आणि त्या रोग्यांची शुश्रूषा ही शिकावी लागणारी विद्या आहे. तिचा थोडा इतिहास येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन १९०१ मध्यें जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथें डॉ. आलोइस आल्झायमर यांनीं आउगुस्टे डेटर नांवाच्या ५१ वर्षांच्या बाईस तपासलें. स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें, तर 'श्रीमती' एवढें लिहून ती पुढचें विसरे. १९०६ सालीं ती वारल्यावर डॉक्टरांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला व आढळलेले फेरफार त्याच वर्षीं ट्यूबिंगेनच्या सभेंत सांगितले. सभेनें फारसें लक्ष दिलें नाहीं. १९१० सालीं एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत या रोगास आल्झायमरांचें नांव दिलें.

रोगाला नांव मिळालें, तरी रोग्याची सेवा पुढें कित्येक दशकें अंग पुसणें, भरविणें व प्रसंगीं खाटेस जखडून ठेवणें, एवढ्यांतच बहुधा राहिली. इंग्लंडांत ब्रॅडफर्ड येथील टॉम किटवुड यांनीं १९९७ सालच्या ग्रंथांत दाखविलें कीं, रोग्याची हानि एकटा मेंदू करीत नाहीं; सेवकहि, मनांत कांहीं वाईट नसतां, त्यास फसवून, घाई करून, व तो समोर असतां तो नाहींच असें समजून बोलून, ती वाढवितात. आपल्या देशांत १९९२ सालीं डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांच्या पुढाकारानें केरळांत आल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था निघाली.

परंतु आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें तें गोव्याचें उदाहरण. तेथें 'संगथ' संस्थेच्या आश्रयानें डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला; त्याचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. घरोघर जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते. तेथलीच भाषा बोलणारीं, बेताचें शिकलेलीं माणसें होतीं. त्यांस तयार करून मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं धाडलें. सहा महिन्यांनीं पाहिलें तों, ज्या घरीं हे सल्लागार गेले, तेथील शुश्रूषा करणाऱ्या आप्तांच्या मनावरचा भार हलका झालेला आढळला.

शिकवितात तें काय? दिसावयास अगदीं साधें. रोग्याशीं पाठीमागून बोलूं नये. समोर येऊन, नजरेस नजर देऊन बोलावें. एका वेळीं एकच गोष्ट सांगावी. 'आंघोळ करून, कपडे बदलून जेवावयास या' हें एक वाक्य त्यास तीन कोडीं घालतें. चूक दाखवून वाद घालूं नये. तो अकस्मात् चिडला, तर तहान, लघवीची निकड, बद्धकोष्ठ, कोठें दुखतें काय, हें आधीं पाहावें. कारण त्यास तें सांगतां येत नाहीं. आणि पोरासारखें 'बाळा' म्हणूं नये; आजन्म ज्यांस गुरुजी म्हटलें, त्यांस गुरुजीच म्हणावें.

गुलमंडींत आणखी एक विषय शिकविला पाहिजे, तो इतिहास. या रोगांत बहुधा अलीकडचें आधीं पुसलें जातें व बालपणचें मागें उरतें. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी अंमल संपला, तेव्हां जीं मुलें दहा-बारा वर्षांचीं होतीं, तीं आज नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांपैकीं कोणी 'माझा हाली रुपया कोठें गेला?' म्हणून उशी उलथीपालथी केली, तर विशींतील सेविकेस ती बडबड वाटते. हैदराबाद संस्थानचें 'हाली सिक्का' हें चलन निराळें होतें, हें तिला कोणीं सांगितलेलेंच नसतें. मराठी घरांतले गुरुजी एकाएकीं उर्दूंत बोलूं लागले म्हणजे घरचीं माणसें घाबरतात. त्या काळीं शिक्षणाची व दरबारची भाषा उर्दू होती, हें ध्यानांत आलें कीं भीतीचें कारण उरत नाहीं. १९६३ सालीं अमेरिकेंत डॉ. रॉबर्ट बटलर यांनीं म्हाताऱ्यांच्या आठवणी उगाळण्यास चळ न म्हणतां मनाचा स्वाभाविक व्यापार ठरविलें, आणि पुढें त्यांतून आठवणींनीं उपचार करण्याची पद्धति वाढली. सेविकेनें त्या हाली रुपयांत काय काय येई, तें विचारावें व ऐकत बसावें. पुष्कळदां औषधावांचून तास शांततेंत जातो.

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत साठीपुढील शंभरांत सुमारें सात जणांस, म्हणजे एकंदर ८८ लक्ष माणसांस, स्मृतिभ्रंश आहे. पुष्कळ घरीं बारा तासांच्या पाळीनें 'मावशी' येतात. त्यांस ठेवतांना रात्रीं जागाल का, स्वयंपाकास हात लावाल का, एवढें विचारतात. रोग्याविषयींचा कागद मात्र क्वचितच कोणी हातीं देतो. तो घरच्यांनींच लिहावा : पूर्वीं काय काम केलें, कोणत्या शाळेंत गेले, चहांत साखर किती लागे, कोणाचें नांव काढतांच डोळे भरून येतात. एक पान पुरतें.