गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाची कुळकथा

२३ डिसेंबर १९७३ रोजी गडचिरोलीत, भामरागडजवळच्या हेमलकशात आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली धमनी मोकळी करणारा उपाय तेव्हा मोठ्या शहरांतही रूढ नव्हता. विश्रांती, प्राणवायू, वेदनाशामक, ठोक्यांवर नजर, भिस्त त्यावरच.

औषधाचं मूळ मात्र चाळीस वर्षं जुनं होतं. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळते, हे १९३३ साली अमेरिकेत विल्यम टिलेट यांनी दाखवलं. त्यातूनच पुढे स्ट्रेप्टोकायनेज आलं. १९५८ च्या सुमारास ते झटक्याच्या रुग्णांना देऊनही पाहिलं, पण डॉक्टरांचा वाद मिटेना: गुठळीमुळे झटका येतो, की झटक्यानंतर गुठळी होते? १९८० मध्ये डीवुड यांनी झटक्याच्या पहिल्या काही तासांतच रुग्णांच्या धमन्यांची चित्रं घेतली. बहुतेकांची धमनी पूर्ण बंद होती. वाद संपला.

त्याआधी, १९७७ मध्ये, रायमर आणि जेनिंग्स यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं, की रक्त थांबलं तरी स्नायू एकदम मरत नाही. मरण आतल्या थराकडून बाहेर सरकत जातं, वणव्यासारखं, आणि त्याला काही तास लागतात. ही सवड या कुळकथेचा गाभा आहे असं मला वाटतं. १९८६ मध्ये इटलीतल्या अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने ती माणसांतही सिद्ध केली: दुखणं सुरू झाल्यापासून तासाभरात स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांतले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

ही सवड टळल्यानंतरचे, उशिराचे उपाय इतके खात्रीचे नाहीत. हृदय दुबळं झालेल्या, पण स्नायू अजून जिवंत असलेल्या ७०० रुग्णांचा ब्रिटनमधला अभ्यास २०२२ मध्ये आला. औषधांच्या जोडीला ॲन्जिओप्लास्टी करूनही मृत्यू वा हृदय निकामी होऊन भरती होणं कमी झालं नाही. बायपासने काहींचं आयुष्य वाढतं, तेही वर्षांच्या हिशेबाने.

भामरागडात ही सवड वाटेतच संपते: तिथून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गाव तुटतं, हे इथे वर्षानुवर्षे घडत आलंय. स्ट्रेप्टोकायनेज तासभर थेंबथेंब द्यावं लागे. गुठळी विरघळवणारं नंतरचं औषध, टेनेक्टेप्लेज, वजनाप्रमाणे एकाच टोचणीत देता येतं. मेंदूत रक्तस्रावाचा धोका आहे, म्हणून आधी नीट विचारपूस आणि ईसीजी हवाच. पुढची ॲन्जिओग्राफी त्यानंतर शहरात होऊ शकते. म्हणून ईसीजीचं यंत्र, तो वाचणारं माणूस आणि टेनेक्टेप्लेजची कुपी, तिन्ही पुराआधीच नदीपलीकडे भामरागडात हवीत.