इनडोअर फायकस बोन्साय: पानं का गळतात? कोल्हापूरच्या हवेत ते कसं जगवायचं?

वास्तुशांतीला किंवा वाढदिवसाला बोन्साय भेट द्यायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. नर्सरीत 'इनडोअर' म्हणून मिळणारं बोन्साय बहुतेक वेळा फायकसचं असतं. घरी आणल्यावर ते टीव्हीच्या शेजारी किंवा टीपॉयवर ठेवलं जातं आणि रोज थोडं पाणी घातलं जातं. दोन-तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळायला लागतात. मग पाणी कमी पडलं असेल असं वाटून ते आणखी वाढवलं जातं आणि झाड मरतं.

असं का होतं? आणि कोल्हापूरसारख्या शहरात हे झाड वर्षानुवर्षं कसं टिकवता येईल?

हे झाड नेमकं कोणतं?

वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही सगळी फायकस याच प्रजातीतली झाडं. नृसिंहवाडीला दत्तभक्त ज्याला नमस्कार करतात तो औदुंबरही फायकसच. नागमोडी खोडाचं किंवा गाजरासारख्या फुगीर मुळांचं ('जिनसेंग') जे बोन्साय दुकानात दिसतं, ते बहुतेक करून फायकस मायक्रोकार्पा असतं. मराठीत या झाडाला नांद्रुक म्हणतात.

म्हणजे कुंडी परदेशी दिसत असली तरी झाड आपल्याच हवेतलं आहे. जमिनीत लावलं तर ते मोठ्या वृक्षाएवढं वाढतं. बोन्साय ही त्याची वेगळी जात नाही. उथळ कुंडी, मुळांची छाटणी आणि फांद्यांची छाटणी यांमुळे ते लहान राहतं.

'इनडोअर' म्हणजे अंधारात नव्हे

कोणतंही झाड मुळात घरातलं नसतं. फायकस कमी उजेड इतर झाडांपेक्षा जास्त सहन करतं, म्हणून त्याला इनडोअर म्हणतात. पण सहन करणं वेगळं आणि वाढणं वेगळं.

आपले डोळे कमी उजेडाला लगेच सरावतात. त्यामुळे खोलीच्या मध्यावरही भरपूर उजेड आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात खिडकीपासून दोन मीटर आत गेलं तरी उजेड खूप घटलेला असतो. म्हणून कुंडी खिडकीला लागूनच ठेवावी. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. गॅलरी असेल तर त्याहून उत्तम. फक्त घरातलं झाड एकदम एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात ठेवू नये, पानं करपतात. रोज थोडा वेळ वाढवत उन्हाची सवय लावावी.

कोल्हापूरच्या थंडीत फायकसला फारसा धोका नाही. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जायला लागलं तरच कुंडी आत घ्यावी. एसी आणि पंख्याचा झोत मात्र थेट झाडावर नको.

पाणी कधी घालायचं?

रोज ठरलेल्या वेळी कपभर पाणी घालणं ही सर्वांत मोठी चूक. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून पाहा. ओल लागली तर थांबा. कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर घाला. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिखलासारखी राहिली की मुळं कुजतात, मग झाड पाणी ओढू शकत नाही आणि पानं मलूल दिसतात. वरून पाहताना ते तहानलेलंच वाटतं, म्हणून माती तपासल्याशिवाय पाणी घालू नये.

पावसाळा ही खरी परीक्षा

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात दिवसच्या दिवस आभाळ भरलेलं असतं. हवा दमट, ऊन नाही, त्यामुळे कुंडीतली माती लवकर सुकत नाही. उन्हाळ्यात रोज लागणारं पाणी आता तीन-चार दिवसांतून एकदाही पुरू शकतं. पावसाची झड लागणाऱ्या ठिकाणी कुंडी ठेवली असेल, तर पाण्याचा निचरा नीट होतोय ना हे पाहावं.

माती कोणती?

शेतातली काळी माती उसाला चांगली, पण उथळ कुंडीत ती ओली असताना चिकट होते आणि सुकली की दगडासारखी घट्ट बसते. त्याऐवजी चाळून घेतलेला विटांचा चुरा, जाडसर वाळू आणि शेणखत किंवा गांडूळखत सारख्या प्रमाणात मिसळावं. मातीवर शोभेचे खडे चिकटवलेले असतील तर ते काढून टाका, त्यांच्यामुळे पाणी आत मुरत नाही आणि ओलही कळत नाही.

दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला माती बदलावी. त्या वेळी निरोगी झाडाची साधारण एक तृतीयांश मुळं छाटता येतात. त्यानंतर दोन-तीन आठवडे झाड सावलीत ठेवावं आणि खत देऊ नये.

छाटणी आणि तार

नव्या फांदीला सहा-आठ पानं आली की दोन-तीन पानं ठेवून शेंडा कापावा. कापल्यावर पांढरा चीक येतो. तो त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देऊ शकतो, म्हणून हात धुवावेत. लहान मुलं आणि पाळीव मांजर-कुत्री यांच्यापासून झाड दूर ठेवावं. आकार देण्यासाठी गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार सालीत रुतण्याआधी काढावी. पावसाळ्यात फांद्या लवकर जाड होतात, त्यामुळे दर आठवड्याला पाहावं.

पानं गळाली तर?

- नुकतंच घरी आणलं असेल किंवा जागा बदलली असेल तर थोडी पानगळ होतेच. कुंडी पुन्हा पुन्हा हलवू नका.
- फांदी नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे.
- पानं मधोमध दुमडून त्यावर तांबूस-जांभळे डाग दिसले तर आत फुलकिडे असतात. अशी पानं तोडून नष्ट करा.
- कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. ते ओल्या फडक्याने पुसा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब टाकून संध्याकाळी फवारा.

किती वर्षं जगू शकतं?

इटलीत मिलानजवळच्या पाराबियागो इथे क्रेस्पी बोन्साय संग्रहालय आहे. तिथलं फायकसचं बोन्साय एक हजार वर्षांहून जुनं असल्याचं संग्रहालय सांगतं. घरचं झाड इतकं टिकलं नाही तरी नीट सांभाळलं तर ते पुढच्या पिढीच्या हाती देता येतं.

विकत घ्यायचं नसेल तर वटपौर्णिमेनंतरचे दिवस चांगले. पूजेसाठी आणलेल्या वडाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. त्यातली बोटाएवढी जाड, ताजी फांदी वीतभर कापून, पानं काढून, विटांच्या चुऱ्यात लावली तर पावसाळी हवेत तिला मुळं फुटू शकतात. वडाची पानं मोठी असल्यामुळे बोन्साय तयार व्हायला वेळ लागतो, पण छाटणी आणि पाण्याचा हात त्यावर चांगला बसतो.