अरण्यातील हिमाची मोजदाद

पर्वतावर पडलेले हिम प्रवाशाच्या डोळ्यांना शोभा वाटते. खोऱ्यातील शेतकऱ्याला मात्र ते उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेले पाणीच होय. अमेरिकेच्या पश्चिम भागात, कॅलिफोर्निया आणि नेवाडा ह्या राज्यांच्या सीमेजवळ, सिएरा नेवाडा ही अरण्याने झाकलेली पर्वतराजी पसरली आहे. तेथे उन्हाळ्यात पाऊस फारसा पडत नाही. हिवाळ्यात साचलेले हिम वसंतात वितळून नद्यांना मिळते, आणि त्यावर शेते व नगरे जगतात. ही ठेव किती आहे, हे आधी कसे कळावे? ह्या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

त्याचा आरंभ एका लॅटिनच्या अध्यापकाने केला, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. जेम्स एडवर्ड चर्च हे १८९२ साली रीनो येथील नेवाडा विद्यापीठात शिकविण्यास आले. १८९५ साली ऐन हिवाळ्यात ते माउंट रोझ ह्या १०,७०० फुटांहून उंच शिखरावर चढून गेले, आणि पुढे १९०५ च्या सुमारास त्यांनी तेथे हवामानाची वेधशाळा उभारली. ह्याच काळात पायथ्याच्या टाहो सरोवराच्या पाण्यावरून तंटा माजला होता. सरोवराच्या मुखाशी बांध होता. पाणी अधिक अडविले, तर काठावरच्या रहिवाशांच्या जमिनी बुडत. आधीच सोडून दिले, तर ट्रकी नदीच्या काठची शेते आणि वीज उत्पन्न करणारे कारखाने उन्हाळ्यात कोरडे पडत. वरून किती पाणी येणार, हे दोन्ही पक्षांपैकी कोणालाच ठाऊक नसल्यामुळे भांडण मिटण्याची चिन्हे नव्हती.

चर्च यांनी ओळखले की, हिमाची नुसती खोली मोजून भागत नाही. ताजे हिम पिंजलेल्या कापसासारखे विरळ असते, तर जुने दबून घट्ट झालेले असते. एक हात खोल अशा दोन थरांत पाणी सारखे निघत नाही. म्हणून त्यांनी दातेरी तोंडाची पोलादी नळी तयार केली. ती हिमात जमिनीपर्यंत रोवावयाची, हिमासह वर काढावयाची आणि काट्याला अडकवून तोलावयाची. काट्यावर पाण्याचे इंचच वाचता येत. दरवर्षी ठरावीक जागीच मोजमाप करून त्यांनी वर्षावर्षांची तुलना केली. १९१०-११ च्या हिवाळ्यात ह्या रीतीने सरोवर किती चढेल ह्याचा अंदाज आधीच सांगता आला, आणि तंट्याची धार बोथट झाली.

चर्च यांचा दुसरा प्रश्न अरण्याविषयी होता. अरण्य हिम राखते की दवडते? दाट झाडीत पुष्कळसे हिम फांद्यांवरच अडकून तेथूनच उडून जाते. उघड्या माळावर ऊन आणि वारा ते खातात. ज्या अरण्यात झाडांमधून लहान लहान मोकळ्या जागा असतात, तेच हिम उत्तम सांभाळते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढे आकाशातून पाहण्याचे युग आले. १ एप्रिल १९६० रोजी सोडलेल्या टायरॉस-१ ह्या उपग्रहाच्या चित्रांत पूर्व कॅनडातील हिम ओळखता आले, आणि १९६६ पासून हिमाचे साप्ताहिक नकाशे निघू लागले. डिसेंबर १९९९ मध्ये गेलेल्या टेरा उपग्रहावर मोडिस नावाचे उपकरण होते. हिम दृश्य प्रकाशात लखलखीत, परंतु विशिष्ट अवरक्त किरणांत काळवंडलेले दिसते. ढग बहुधा दोहोंतही उजळ दिसतात. ह्या भेदावरून हिम व ढग निवडता येतात.

तथापि अरण्याने ह्या यंत्रालाही चकविले. सूचिपर्णी वृक्षांचे काळसर शेंडे वरून दिसतात आणि बुंध्याशी साचलेले हिम झाकले जाते. १९९८ साली क्लाइन, हॉल व रिग्ज ह्या संशोधकांनी वनस्पतीच्या हिरवेपणाचे मापही जोडीला घेतले आणि अरण्यापुरती हिमाची कसोटी सैल केली. तेव्हा झाडीखालचे बरेचसे हिम नकाशावर आले. परंतु त्यावरून हिमाचा विस्तार कळला, पाणी नव्हे. २०१३ पासून सिएरा नेवाडावर विमानातून लेसर किरण सोडण्यात येऊ लागले. फांद्यांच्या फटींतून खाली पोहोचणारे किरण हिमाची खोली सांगतात. खोलीचे पाणी करावयाचे, तर घनता लागतेच; ती मात्र भूमीवरील मोजमापातून आणि गणितातूनच मिळवावी लागते.

१ एप्रिल २०१५ रोजी टाहोजवळच्या फिलिप्स ह्या मोजणीच्या जागी कॅलिफोर्नियाचे राज्यपाल जेरी ब्राउन गेले, तेव्हा त्यांच्या पायांखाली हिम नव्हते, सुके गवत होते. त्याच दिवशी त्यांनी नगरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपातीची आज्ञा केली. उपग्रह आकाशात फिरत असतानाही ती मोजणी नळी घेऊन जाणाऱ्या माणसांनी सोडली नव्हती. उंचावरून विस्तार दिसतो. परंतु पाण्याची वाटणी करणाऱ्यास अखेर वजनच विचारावे लागते.