बोलून मराठी टाइप होतं, मग बोलून कॉम्प्युटर का चालत नाही?

नाशिकच्या कॉलेज रोडवरचा विद्यार्थी असो की निफाडचा द्राक्ष बागायतदार, कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत मेसेज लिहिणं आता अनेकांच्या सवयीचं झालं आहे. पण त्याच आवाजावर कॉम्प्युटर चालवायचा, म्हणजे फाइल उघडायची, बटण दाबायचं, पान खाली सरकवायचं म्हटलं की मराठी अडते. ज्यांचे हात नीट चालतात त्यांना हा फरक फारसा जाणवत नाही. अर्धांगवायू झालेल्या, हात गमावलेल्या किंवा मनगटाच्या दुखण्याने टायपिंग बंद झालेल्या माणसाचं मात्र सगळं काम याच फरकावर अवलंबून असतं.

दोन कामं, दोन सोयी

पहिलं काम म्हणजे डिक्टेशन, बोललेलं अक्षरात उतरवणं. दुसरं म्हणजे आज्ञा देणं, बोलून माउस आणि कीबोर्डचं काम करून घेणं. दोन्हींत सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करतं आणि ते कोणत्या शब्दांशी जुळतात याचा अंदाज बांधतं. डिक्टेशनमध्ये पुढे-मागे कोणते शब्द आहेत, हेही पाहिलं जातं. हा अंदाज त्या भाषेतल्या हजारो तासांच्या बोलण्यावरून शिकवलेला असतो.

मराठी यात कधी आली?

गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये व्हॉइस टायपिंगसाठी मराठीसह आठ भारतीय भाषा जोडल्या. त्याआधीही मराठी आवाजावर काम झालं होतं. फोन करून पिकाचं नाव बोलायचं आणि बाजारभाव ऐकायचा, अशी सेवा सहा भारतीय भाषांत उभारण्याचा प्रकल्प देशातल्या संशोधन संस्थांनी मिळून केला. त्यासाठी महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज रेकॉर्ड केले गेले. लासलगावच्या कांद्याचा भाव रोज पाहणाऱ्या जिल्ह्याला अशा सेवेचं मोल वेगळं सांगायला नको.

मराठी डिक्टेशन कसं सुरू करायचं?

गूगल डॉक्स: क्रोम ब्राउझरमध्ये डॉक्युमेंट उघडून ‘टूल्स’मध्ये ‘व्हॉइस टायपिंग’ निवडायचं, भाषांच्या यादीतून मराठी घ्यायची आणि माइकवर क्लिक करून बोलायचं. इंटरनेट लागतं.

विंडोज ११: आधी सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची. मग विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून मराठी कीबोर्ड निवडायचा. विंडोज आणि एच एकत्र दाबलं की माइक सुरू होतो. यालाही इंटरनेट लागतं.

गूगल डॉक्समध्ये ‘हा परिच्छेद निवड’, ‘ठळक कर’ अशा आज्ञा फक्त इंग्रजीत चालतात. मराठी मजकुरात पूर्णविराम, स्वल्पविराम बहुतेक वेळा हातानेच द्यावे लागतात.

आज्ञा इंग्रजीत, पण आकड्यांची वाट आहे

विंडोज ११ मध्ये २०२२ पासून ‘व्हॉइस ॲक्सेस’ ही सोय आहे. ती सेटिंग्जच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘स्पीच’खाली सापडते. सुरुवातीचं डाउनलोड झालं की ती इंटरनेटशिवायही चालते. भारतीय इंग्रजीचा पर्याय आहे, पण २०२५ पर्यंत तिच्या भाषांच्या यादीत मराठी आलेली नव्हती.

तरीही इंग्रजी फारसं येत नसलेल्या माणसालाही ही सोय वापरता येऊ शकते, कारण रोज लागणाऱ्या आज्ञा मोजक्या आहेत: ‘ओपन’, ‘क्लिक’, ‘स्क्रोल डाउन’. सगळ्यांत उपयोगी आज्ञा ‘शो नंबर्स’. ती दिली की पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर आणि लिंकवर आकडा दिसतो आणि तो आकडा इंग्रजीत म्हटला की ते बटण दाबलं जातं. मराठी वेबसाइटवर बटणाचं नाव मराठीत असतं, ते इंग्रजी ऐकणाऱ्या सॉफ्टवेअरला कळेलच असं नाही. तिथे आकडा कामी येतो. ‘शो ग्रिड’ म्हटलं की पडदा चौकोनांत विभागला जातो आणि आकडे सांगत हव्या त्या जागेपर्यंत पोहोचता येतं.

चुका कुठे होतात?

मराठीत काही शब्द कानाला सारखेच लागतात. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘पाणी’ म्हणजे जल, ‘पाणि’ म्हणजे हात. सॉफ्टवेअर आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज करतं आणि तो चुकू शकतो. माणसांची आणि गावांची नावं, रकमा, तारखा तर पुन्हा वाचल्याशिवाय पाठवू नयेत. अर्जात ‘दीडशे’चं काही वेगळंच झालं तर निस्तरायला वेळ लागतो.

दुसरी अडचण बोलीची. बागलाण, मालेगाव, कळवण भागात घरोघरी अहिराणी बोलली जाते. या सॉफ्टवेअरच्या यादीत ‘मराठी’ असते, अहिराणी नसते. त्यामुळे अहिराणी बोलणाऱ्याला माइकसमोर आपली भाषा बदलावी लागते. चूक त्याच्या बोलण्यात नाही. यंत्राने ती बोली पुरेशी ऐकलेलीच नाही.

काळजी काय घ्यावी?

ऑनलाइन डिक्टेशनमध्ये आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो. म्हणून ओटीपी, पिन, पासवर्ड बोलून टाइप करू नयेत. माइक तोंडाजवळ ठेवावा, पंखा आणि टीव्ही बंद असावा. एकेक शब्द तोडून न बोलता पूर्ण वाक्य सलग म्हणावं, म्हणजे अंदाजाला आधार मिळतो.

पुढे काय?

केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमाची सुरुवात जुलै २०२२ मध्ये झाली. त्याच्या ‘भाषादान’ या भागात कोणीही आपल्या भाषेतली वाक्यं वाचून आवाज देऊ शकतं. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्येही मराठी आहे. शहरातले, खेड्यातले, म्हातारे, तरुण असे जितके वेगवेगळे आवाज जमा होतील, तितकं यंत्राला मराठी नीट ऐकू येईल. ज्याला कॉम्प्युटर फक्त बोलूनच वापरता येतो, त्याच्यासाठी दान केलेली ही पाच मिनिटं मोठी मदत ठरू शकतात.